काशाकाकाचं बारसं

आमच्या घरात एक माणूस दोनदा जन्मला. पहिल्या खेपेला मी नव्हते, दुसऱ्या खेपेला घुगऱ्या मीच वाटल्या. हे सांगितलं की हल्लीची माणसं माझ्या वयाकडे बघून मान डोलावतात आणि विषय बदलतात. माझ्या सुनेने तर एकदा माझ्या गोळ्यांचा डबा तपासला होता. म्हणून म्हटलं, एकदा नीट लिहून ठेवावं. माझी स्मरणशक्ती शाबूत आहे, आणि घुगऱ्यांत मीठ जास्त झालं होतं हेसुद्धा मला पक्कं आठवतं.

मुरुडपासून थोडं वर, खाडीच्या तोंडाशी आमचा कोळीवाडा. आता तिथे 'सी व्ह्यू' नावाची चार घरं झाली आहेत आणि मुंबईची माणसं वाळत घातलेल्या बोंबलांसमोर उभं राहून फोटो काढतात, नाकाला रुमाल लावून. माझ्या लहानपणी त्या वासाला आम्ही वास म्हणतच नसू. अंगण म्हणजे वाळवणच. मध्ये बांबूंची वलांडी, तिच्यावर बोंबील जोडीजोडीने जबड्यात जबडा अडकवून टांगलेले. खाली जमिनीवर जवळा पसरलेला, आणि कावळे हाकलायला कोणीतरी कायम काठी घेऊन बसलेलं. समुद्राचा आवाज आम्हाला ऐकू यायचा नाही, तो थांबला तर ऐकू आला असता. ऐकू यायचं ते जनीकाकीचं बोलणं. काशाकाकाची ही बायको पहाटे चुलीशी बसायची तेव्हापासून तोंड सुरू करायची आणि तांदळाची भाकरी थापताना भाकरीलासुद्धा दोन शब्द सुनावायची.

काकीचं तोंड एरवी घराला शोभा आणायचं, पण तिच्या हातात बांगड्या नव्हत्या आणि कपाळ मोकळं होतं. पारूआत्याचंही तसंच. पारूआत्या म्हणजे माझ्या बाबांची आणि काशाकाकाची धाकटी बहीण. दोघी एकाच दिवशी, एकाच होडीमुळे तशा झाल्या होत्या. ती हकीकत आधी सांगायला हवी, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

नारळी पुनवेला समुद्राला नारळ द्यायचा आणि मगच होडी पाण्यात लोटायची, हे आमच्याकडे पोरं बोलायच्या आधी शिकतात. काशाकाका होडीचा तांडेल, म्हणजे सुकाणू धरणारा म्होरक्या होता, आणि हिकमती होता. त्या वर्षी पावसाने लवकर उघडीप दिली. सगळा वाडा पुनवेची वाट बघत जाळी शिवत बसलेला, आणि याच्या मनात आलं की सगळ्यांच्या आधी जाऊन पहिली पापलेटं आपण आणायची. सोबतीला त्याने मेहुण्याला धरलं. पदाजी, पारूआत्याचा नवरा, माझा आतोबा. आतोबा नको म्हणाला. नारळ पडला नाही, मी येत नाही. तेव्हा काका चारचौघांत हसून म्हणाला, "ऱ्हा मग, बायकोच्या पदराला धरून." एवढंच. आतोबा उठला आणि होडीला हात लावला. संध्याकाळी वारं फिरलं. दोन भरत्यांनंतर आतोबाचं प्रेत किनाऱ्याला लागलं, होडीच्या फळ्या त्याच्यामागून आल्या, आणि काका आलाच नाही. पुष्कळ वाट पाहून शेवटी भटजींनी दर्भाचा पुतळा करायला सांगितला, आणि त्या पुतळ्याला काशिनाथ म्हणून बाबांनी अग्नी दिला.

त्यानंतर काही वर्षं आमचं घर बायकांनी ओढलं. माहेरी परत आलेली पारूआत्या सुकी मासळी घेऊन एसटीने तळा गावच्या बाजाराला जायची. टोपली टपावर टाकली तरी कंडक्टर तिला मागच्या बाकावरच बसवायचा. तिला त्याचं काही नव्हतं, मागच्या बाकावर पाय पसरता येतात म्हणायची. येताना ती सुकट बांधायला रद्दी आणायची, आणि एकदा त्या रद्दीत एक जाडजूड पुस्तक आलं. पुठ्ठा नाही, नाव नाही, लिहिणारा कोण त्याचा पत्ता नाही. मी शाळेत जाणारी घरातली एकटी. मी ते उघडून वाचू लागले आणि दोन पानांत जवळा निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले.

जुन्या काळातली कादंबरी होती. एका जलदुर्गाचा किल्लेदार असतो, शूर पण गर्विष्ठ. वैऱ्याची गलबतं दिसत असताना तो चोरदरवाजावरचा पहारा आपल्या बालमित्राच्या सांगण्याविरुद्ध काढून घेतो. किल्ला पडतो, मित्र मारला जातो. किल्लेदार जळून मेला असं सगळे समजतात, पण तो जगलेला असतो, आणि तेच त्याचं दुखणं. तोंड लपवून मुलूखभर भटकतो, दाढी वाढते, नाव टाकून देतो, आणि शेवटी त्याच मित्राच्या विधवेच्या दारात पाणक्या होऊन राहतो. रोज तिच्या रांजणात पाणी भरतो. तिला माहीत नाही, हा कोण. हे सगळं अशा भरजरी भाषेत लिहिलेलं की 'तद्वत' आणि 'किंबहुना' आलं की जनीकाकी म्हणायची, "ते काटं काढून वाच गो."

दुपारी उन्हं तापली की ओटीवर वाचन सुरू व्हायचं. शेजारच्या दोघीतिघी आपापलं सूप घेऊन यायच्या. कुणाला किल्लेदाराची कीव यायची, कुणी त्याला शिव्या घालायची. पारूआत्या फक्त एकच वाक्य बोलायची, "मरू दे त्याला." ती हे का म्हणते हे ओटीवर सगळ्यांना कळत होतं. मग कुणीतरी मुद्दाम खोकायचं आणि मी पान उलटायचे.

आणि एक दिवस पुस्तक संपलं, गोष्ट संपायच्या आधीच. विधवा रांजणापाशी येते, पाणक्याच्या मनगटावरचा जुना व्रण तिला दिसतो, ती त्याच्या तोंडाकडे बघते, आणि पुढे पानंच नाहीत. ओटीवर हाहाकार झाला. पानं गेली कुठे याचा तपास पारूआत्यापाशी येऊन थांबला. मी वाचायला घेण्याआधी पुस्तक आठवडाभर तिच्या टोपलीत होतं, तिने सुकट बांधायला पानं फाडली होती, आणि वाचता येत नसल्यामुळे मागच्या बाजूने फाडली होती. म्हणजे गोष्टीचा शेवट पावशेर-पावशेर सुकटीबरोबर तळ्याच्या बाजारात विकला गेला होता. काकीने तिला आयुष्यभर यावरून छळलं. "तळ्याच्या लोकांना म्हाईत हाय, आपल्यालाच न्हाय," असं ती म्हणायची. मग बायकांनी आपापले शेवट रचले. तरण्या बायकांनी किल्लेदाराचं त्या विधवेशी लग्नच लावून टाकलं. आत्याने काही रचलं नाही.

काका आला तो याच दिवसांत. पुढे जनीकाकी रंगवून सांगायची की मी तेच शेवटचं पान वाचत होते आणि कुडाशी सावली पडली. तसं काही झालं नाही. त्या दुपारी आम्ही पुस्तक उघडलंच नव्हतं. मी मांजरीच्या मागे धावत होते, कारण तिने बांगडा पळवला होता. कुडाशी एक माणूस उभा होता, काळाठिक्कर, दाढी वाढलेली, हातात पत्र्याची पेटी. मी त्याला ओळखलं नाही. काकीने ओळखलं. तिच्या हातातलं सूप खाली आलं, पण तोंड बंद पडेल तर ती जनीकाकी कसली. ती म्हणाली, "भूत असशील तर उंबऱ्यात मीठ टाकीन. मानूस असशील तर तिथंच ऱ्हा, पाय धवाया पानी देते." आणि मग ती जमिनीवर बसली आणि अशी रडली की कावळे उडाले.

पारूआत्या तेवढ्यात विहिरीवरून आली. तिने कळशी खाली ठेवली, त्याच्याकडे एकदा पाहिलं, आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

काकाची कथा फार मोठी नव्हती. फळीला धरून वाहत गेला, उत्तरेकडच्या एका गलबताने उचलला, गुजरातेतल्या एका बंदरात उतरवला. तिथे मुरुडच्या एका खलाशाकडून कळलं की पदाजी गेला. मग परत यायची हिंमत झाली नाही. होड्या बांधायच्या कामावर राहिला, तोंड लपवून. पुढे पुन्हा एकदा मुरुडचं माणूस भेटलं आणि, हा कोण हे न ओळखता, बोलता बोलता म्हणालं, त्या पदाजीची पारू आता सुकटीची टोपली घेऊन तळ्याला जाते, एसटीत मागच्या बाकावर बसते. दुसऱ्या दिवशी तो निघाला.

आता पंचाईत अशी की ज्याला अग्नी दिला तो घरात यायचा कसा? गावकी बसली. काकाला तोवर होडीच्या खोपीत ठेवलं. घरातलं ताट त्याला जायचं, पण तो घराचा उंबरा चढू शकत नव्हता. भटजी आले, पोथी उघडून बसले. म्हणाले, शास्त्रात सोय आहे. मेलेला परत आला तर त्याने पुन्हा जन्म घ्यायचा. तुपाने भरलेल्या कढईत बसवून न्हाऊ घालायचं, बारसं करायचं, नाव ठेवायचं, आणि बायकोशी पुन्हा लग्न लावायचं.

"कढईभर तूप?" जनीकाकीने विचारलं. "आमच्या सात पिढ्यांनी मिळून तेवढं पाह्यलं न्हाय. होडीला फासायचं मोरीमाशाचं तेल हाय घरात, त्यानं नाय का जन्माला येनार?" भटजी सज्जन होते. चमचाभर तूप माथ्यावर घातलं तरी चालेल म्हणाले. मग सगळे हसले आणि हवा जरा हलकी झाली. तेवढ्यात गावकीतल्या एका म्हातारीने विचारलं, "कुर्र कोन करनार?"

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा. ती बाळाच्या कानाशी तोंड नेऊन कुर्र करते आणि नाव सांगते, आणि बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. आत्याने नाव घेतल्याशिवाय मूल बिननावाचं. काकाची खरी आत्या केव्हाच वारली होती. अशा वेळी तो मान घरच्या लेकीकडे येतो. घरची लेक एकच होती. सगळ्यांनी पारूआत्याच्या बंद दाराकडे पाहिलं आणि हसणं थांबलं.

बाबा दाराशी जाऊन बोलले. ते थोरले भाऊ, त्यांना कधी कुणी नाही म्हटलं नव्हतं. आत्या आतून म्हणाली, "मेलेल्याला मी कशाला उठवू? माजा तर न्हाय उठत."

बाबा दारापासून मागे फिरले. क्षमा करावी, मोठं मन करावं असं आपण फार सहज बोलतो. ते मोठं मन दुसऱ्याने करायचं असतं म्हणून.

दिवस जात राहिले. काका खोपीत राहिला. तो कुणाला मध्यस्थ घालत नव्हता. वाड्यातल्या जुन्या होड्यांच्या भेगा बुजवत बसायचा, आणि भटजींनी निरोप धाडला की मुहूर्त टळतोय, तरी म्हणायचा, "तिला घाई करू नका." काकी आतल्या आत सुकत होती. नवरा हाकेच्या अंतरावर, आणि ती बोडक्या कपाळाने त्याचं ताट वाढत होती. पण तिनेही आत्याला एक शब्द विचारला नाही. एवढी तोंडाळ बाई, पण या एका गोष्टीत तिने ओठ घट्ट मिटून घेतले. मला तेव्हा ते कळलं नाही. आता कळतं आणि काकीच्या पायाला हात लावावासा वाटतो.

एका दुपारी आत्याने मला हाक मारली. ती खोलीत पाटावर बसली होती. "गो," ती म्हणाली, "त्या किल्लेदाराचं पुढं काय झालं आसंल?"

"पानं न्हायत, आत्या."

"ते म्हाईत हाय मला. मीच बांदून दिली." मग तिने विचारलं, "तिनं वळखलं ना त्याला? येवडं तरी हाय ना पुस्तकात?"

"येवडंच हाय. पुढं काय करायचं ते तिचं तिला."

मी हे काही शहाणपणाने बोलले नव्हते. खरंच तेवढंच होतं पुस्तकात. आत्या उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "काकाचं ताट कुटं हाय? आन हिकडं." ताट तिने स्वतः घेतलं. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागे.

खोपीत डांबराचा वास होता. काका तिला बघून उभा राहिला, हातातली पटाशी खाली पडली. तिने ताट ठेवलं आणि सरळ विचारलं, "जाताना काय बोलला?"

काकाने तिच्याकडे बघितलं नाही. वाळूकडे बघत म्हणाला, "शिव्या घातल्या. मला, माज्या आयबापाला. म्हनला, भाड्या, सांगत व्हतो तुला. मग लाट आली. परत दिसला न्हाय."

"माजं नाव?"

काकाने मान हलवली. "न्हाय गो, पारू. तेवडा येळ मिळाला न्हाय."

मला वाटलं, आता ही ताट फेकणार. पारूआत्याच्या घशातून काहीतरी विचित्र आवाज आला. मी घाबरून बघितलं तर ती हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "समदा वाडा मला सांगत आला," ती म्हणाली, "देवाचं नाव घेत गेला, तुजं नाव घेत गेला. मी मान हलवायची. मला म्हाईत व्हतं तो शिव्या देतच गेला आसंल. जन्मात कदी गप ऱ्हायला न्हाय, मरताना ऱ्हाईल?" मग ती तिथेच वाळूत बसली आणि म्हणाली, "तू पन खोटं बोलला आसतास, तर मी आले तशी गेले आसते. जेव आता."

तो जेवला. ती समोर बसून राहिली. बोंबलाचं कालवण होतं, आणि मी एवढ्या मोठ्या माणसाला रडत रडत भात कालवताना पहिल्यांदाच पाहिलं.

बारसं झालं त्या दिवशी अख्खा वाडा अंगणात. ओटीच्या आढ्याला पाळणा टांगला होता. काका त्यात मावणार नव्हता, म्हणून रिवाजाचा वरवंटा टोपरं घालून पाळण्यात ठेवला आणि काका शेजारी पाटावर मांडी घालून बसला, दाढी काढलेला, नवं धोतर, माथ्यावर चमचाभर तूप, लाजेने लाल. पोरं खिदळत होती. बायका पाळणा म्हणत होत्या, त्यांचेही आवाज हसण्याने फुटत होते. पारूआत्या आली तसं सगळं शांत झालं. तिने काकाला जन्मभर 'दादा'च म्हटलेलं, धाकट्या बहिणीने नाव घेण्याची रीत नाही. ती वाकली. त्याच्या कानाशी तोंड नेऊन तिने आधी हळूच काहीतरी म्हटलं, कुणालाच ऐकू गेलं नाही. काकाने डोळे मिटले. मग तिने कुर्र केलं आणि मोठ्याने म्हणाली, "काशिनाथ." बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, सगळ्यांत जोराचा जनीकाकीचा होता. संध्याकाळी लग्न लागलं. काकीच्या हातात हिरवा चुडा भरला आणि दुसऱ्या दिवशी भाकऱ्या थापताना तो इतका वाजला की तिचं बोलणं नीट ऐकू येईना. घरात सगळ्यांना बरं वाटलं.

काकाने पुन्हा कधी सुकाणू धरलं नाही. बाबांच्या होडीवर साधा खलाशी म्हणून गेला, नेहमी नारळ पडल्यावर. मासळीचे वाटे पडले की आपल्या वाट्यातली अर्धी पाटी तो पारूआत्याच्या दाराशी ठेवायचा, काही न बोलता. पहिली काही वर्षं आत्या ती तशीच उचलून शेजारी द्यायची. मग एकदा द्यायची विसरली, असं ती म्हणाली, आणि ती पापलेटं तव्यावर पडली. तळ्याच्या एसटीत मागच्या बाकावर मात्र ती जात राहिली. पाय पसरायची सवय झाली आहे म्हणायची.

पुढे मी शिक्षिका झाले. नोकरीच्या गावातल्या वाचनालयात एकदा कपाट लावताना एक जाड कादंबरी हाताला लागली. दोन ओळी वाचल्या आणि अंगावर काटा आला, कारण 'तद्वत' आणि 'किंबहुना' जागच्या जागी होते. सुट्टीत ती घेऊन घरी गेले. तोवर ओटीवर लादी आली होती आणि आईबाबा गेले होते. काका, काकी आणि आत्या, तीन म्हाताऱ्या माणसांसमोर बसून मी तळ्याला विकला गेलेला शेवट वाचला. किल्लेदार विधवेच्या पायाशी पडतो. ती तोंड फिरवते. त्याच रात्री वैरी तिच्या वाड्यावर चालून येतात, किल्लेदार वाड्याचा चोरदरवाजा एकट्याने लढवतो, तिच्या मुलाला वाचवतो आणि मरतो. ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याचं नाव उच्चारते. तोफा होतात. असा त्याचा उद्धार होतो.

काकीने डोळ्याला पदर लावला. तिला सगळंच रडवायचं. काका गुडघ्यांकडे बघत बसला होता. पारूआत्या तोंड वाकडं करून म्हणाली, "ह्याच्यासाटी येवडी वर्सं वाट पाह्यली? मेला नि सुटला. लिवनाऱ्याला सोपं गेलं. दुसऱ्या दिशी परत पानी भरायला लावायचं व्हतं त्याला. त्याच्या दुसऱ्या दिशी परत."

"बरं झालं, तुझी ती पानं तळ्याला गेली," मी म्हणाले.

"व्हय," आत्या म्हणाली. मग ती काकाकडे वळली. "काय रं दादा, कानात काय सांगितलं व्हतं तुला? हाय का ध्यानात?"

मी पुस्तक मिटलं. इतकी वर्षं हे मी कुणाला विचारलं नव्हतं.

"हाय की," काका म्हणाला. "'आता माज्या आदी मरायचं न्हाय,' असं."

"मग?"

"मग काय. हाय ना."

आत्याने अंगणाकडे बघितलं. खाडीवर ढग भरून आले होते आणि वलांडीवर बोंबील तसेच टांगलेले होते. "मग ऊठ," ती म्हणाली, "पाऊस यायच्या आदी मासळी काढ."

काका गुडघ्यांवर हात टेकून उठला.